चिवल्याच्या सागरी शर्यतीसाठी मिरर गॉगल : तयारीची यादी

मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील सागरी जलतरण स्पर्धेची तयारी करताना पहिली नोंद सूर्याची करावी. समुद्र पश्चिमेला असल्यामुळे सकाळी पाण्यात शिरताना ऊन पाठीशी असते. बोयाला, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेला, वळसा घालून किनाऱ्याकडे निघालात की तेच ऊन आणि लाटांवरचा लखलखाट थेट डोळ्यांत येतो, आणि मान वर काढूनही किनाऱ्यावरची खूण सापडत नाही. मिरर गॉगल हवा तो या परतीसाठी.

त्याच्या काचेवर बाहेरून धातूचा अतिशय पातळ थर असतो व तो बराच प्रकाश परतवतो. मात्र काच चकाकते म्हणजे अतिनील किरणांपासून संरक्षण मिळतेच असे नाही, म्हणून वेष्टनावर तसा उल्लेख आहे का हे पाहूनच घ्यावा. बंदिस्त, कमी उजेडाच्या तलावात गडद मिरर घातल्यास भिंतीजवळची काळी खूण उशिरा दिसते आणि वळण चुकते, तेव्हा तिथल्या सरावासाठी पारदर्शक काचेचा दुसरा जोड ठेवावा.

पट्टा न लावता गॉगल डोळ्यांवर हलकेच दाबून पाहावा; तो क्षणभर चिकटून राहिला तर कडा नीट बसल्या, नाहीतर नाकपट्टी बदलून पुन्हा पाहावे. गळणारा गॉगल पट्टा करकचून आवळल्याने सुधारत नाही, फक्त डोळे दुखतात.

काचेच्या आतल्या बाजूला बोटही लावू नये. माझ्या पहिल्या सागरी शर्यतीत मी आतली वाफ टॉवेलने पुसली, वाफ रोखणारा लेप त्याबरोबर निघाला आणि पुढचा सगळा वेळ मी पांढऱ्या धुक्यात पोहत होतो. सनस्क्रीन लावून झाल्यावर हात धुऊनच गॉगल हाती घ्यावा, हेही तितकेच महत्त्वाचे.

नवा जोड शर्यतीच्या दिवशी प्रथमच घालू नये. त्यावर निदान आठवडाभर सराव झालेला असावा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम फेरीत मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी भरले, तरी हातांचे फटके मोजत त्याने विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. आपल्यालाही प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, तलावात एखादी फेरी गॉगलमध्ये पाणी घेऊन पोहून पाहता येते.

आदल्या रात्री दोन्ही जोड टणक डबीत ठेवावेत, कारण पिशवीतली किल्ली किंवा वाळूचा कण मिररवर कायमचा ओरखडा पाडतो. पट्ट्यावरून दुसरी टोपी घालावी, म्हणजे सुरुवातीच्या गर्दीत कोणाचा हात लागला तरी गॉगल जागेवर राहतो. शर्यत संपताच तो गोड्या पाण्याने धुऊन, न पुसता, सावलीत वाळवावा.