रिलीव्हरला उठवायचं कधी? बुलपेनमधले माझे दोन हंगाम

मी जळगावचा. शाळेत सॉफ्टबॉल खेळायचो, कॅचर (विकेटकीपरसारखा) होतो. तेवढ्या भांडवलावर मिडवेस्टमधल्या एका युनिव्हर्सिटीत स्पोर्ट्स सायन्सचं मास्टर्स करताना बेसबॉल टीमचा स्टुडंट मॅनेजर झालो. पद ऐकायला बरं, काम हमालीचं. चेंडूंच्या बादल्या वाहायच्या, जाळ्या लावायच्या, टॉवेल मोजायचे. दुसऱ्या महिन्यात पिचिंग कोचनी हातात क्लिपबोर्ड दिला आणि बुलपेनमध्ये पाठवलं. तिथं जे शिकलो ते वर्गात कुणी सांगत नाही, म्हणून या कोर्सला येणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी लिहितोय.

आधी शब्दांचा गोंधळ मिटवू. इथं पिच म्हणजे खेळपट्टी नव्हे, फेकलेला चेंडू. सामना सुरू करणारा पिचर, म्हणजे बोलर, तो स्टार्टर, त्याच्या जागी येतो तो रिलीव्हर, आणि रिलीव्हर जिथं बसतात, हात गरम करतात ती जागा बुलपेन. क्रिकेटमध्ये कप्तान लांबूनच खूण करतो, ‘पुढची तुझी’, आणि बोलर मिड-ऑफला उभ्या उभ्या खांदे फिरवून घेतो. ते इथं चालत नाही. रिलीव्हरला पहिलाच चेंडू ताशी 90 मैलांच्या आसपास टाकायचा असतो आणि समोर कदाचित तिन्ही बेस भरलेले, म्हणजे प्रत्येकावर एक रनर, असतात. आत गेल्यावर माऊंडवर (पिचर उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्यावर) त्याला आठ चेंडू मिळतात, पण ते माऊंडची माती ओळखण्यापुरते. हात गरम करायला नाहीत.

पहिले काही आठवडे मला वाटायचं, स्टार्टर दमला की दुसऱ्याला उठवायचं. हे चूक. स्टार्टर दमल्याचं दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. कोच प्रश्न उलटा विचारायचे: नवा माणूस मला कोणत्या बॅटरसाठी हवाय? तो बॅटर ठरला की तिथून मागे मोजत यायचं. आमचे बहुतेक रिलीव्हर बसल्या जागेवरून उठून तयार व्हायला आठेक मिनिटं घ्यायचे. एका बॅटरला साधारण चार चेंडू पडतात, म्हणजे दोनेक मिनिटं. त्यामुळे त्यांच्या चौथ्या नंबरच्या डावखुऱ्यासाठी आपला डावखुरा हवा असेल, तर नववा बॅटर उभा असतानाच (नवव्यानंतर परत पहिला येतो) त्याला हलवायला लागतं. चौथा येऊन उभा राहिल्यावर फोन केला तर काय उपयोग? (आमच्याकडे फोनही नव्हता. कोच डावा दंड थोपटायचे म्हणजे डावखुरा, उजवा थोपटला की उजवा. एकदा डास मारायला दंड थोपटला आणि इकडे एक पोरगा जॅकेट काढून तयार.)

आपली बॅटिंग चालू असताना हा हिशोब बिघडतो. आपला हाफ-इनिंग (तीन आऊट होईपर्यंतची बॅटिंगची पाळी) चार मिनिटांत आटोपू शकतो, नाहीतर पंचवीस मिनिटंही चालतो. कॉलेजात मेटलच्या बॅट असतात, एका इनिंगमध्ये पाच-सहा रन होणं नवलाचं नाही. अशा लांब इनिंगमध्ये इकडे गरम केलेला रिलीव्हर वाया जातो आणि तिकडे डगआऊटमध्ये (टीमच्या बाकावर) बसलेला स्टार्टर गार पडतो. म्हणून आमचा नेम होता: आपली बॅटिंग असताना हलकं फेकायचं, दोन आऊट झाले की बुलपेनमधल्या माऊंडवर चढायचं.

आता माझी चूक सांगतो. कॉलेजात सहसा शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन सामन्यांची मालिका असते, वर मंगळवारी एखादा सामना. एका शुक्रवारी आमचा डावखुरा तीनदा उठला. सहाव्या इनिंगमध्ये दोन रनर बेसवर होते, म्हणून उठला. डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघं आऊट) झाला, बसला. सातव्यात परत उठला, परत बसला. नवव्यात तिसऱ्यांदा. आत गेलाच नाही. माझ्या कागदावर 18, 14 आणि 22, असे 54 चेंडू. स्कोअरबुकात मात्र शून्य.

शनिवारी सकाळी कोचनी विचारलं, “आज ताजं कोण आहे?” माझ्यासमोर सामन्याचा चार्ट होता, बुलपेनचा कागद बॅगेत. मी चार्ट बघून त्याचंच नाव सांगितलं. आठव्या इनिंगमध्ये तो आला. एरवी 88 टाकणारा पोरगा 84 वर होता. चार बॅटरांपैकी तिघांना वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकटचा पहिला बेस) दिला. डगआऊटमध्ये येऊन म्हणाला, कोपर जड वाटतंय. पुढचे दहा दिवस ट्रेनरनी त्याला चेंडूला हात लावू दिला नाही. कोच मला काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

एनसीएएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेत, चेंडूंच्या संख्येवर मर्यादा नाही. मेजर लीग (इथली सर्वोच्च व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉलची ‘पिच स्मार्ट’ नावाची शिफारस आहे. 19 ते 22 वयासाठी दिवसाला जास्तीत जास्त 120 चेंडू. 30 पर्यंत टाकले तर सक्तीची विश्रांती नाही, 31 ते 45 टाकले तर एक दिवस, आणि पुढे वाढत जाते. पण ही मोजणी सामन्यातल्या चेंडूंची. बुलपेनमध्ये पूर्ण ताकदीनं टाकलेले 54 चेंडू त्यात कुठेच बसत नाहीत. कोपराला ते बरोबर कळतात.

त्यानंतर मी उठण्याचे दोन प्रकार वेगळे लिहायला लागलो. पहिला ‘हलणं’: धावणं, रबर बँड, सपाट जमिनीवर कॅच. याला फार काही लागत नाही, त्यामुळे शंका आली की लगेच करायला लावावं. दुसरा ‘तापणं’: माऊंडवरून, कॅचर खाली बसलेला, पूर्ण जोर. हा मात्र जपून खर्चायचा. दोनदा तापला तर आत गेला नाही तरी तो आज खेळला असंच धरायचं. कोचनीही हे मान्य केलं, कदाचित त्या डावखुऱ्यामुळेच.

वेळ कमी पडला तर थोडा विकत घेता येतो. कॅचर माऊंडवर जातो, बुटाची नाडी सुटते, मग कोच स्वतः रमतगमत जातात. पण त्याच इनिंगमध्ये त्याच पिचरकडे कोच दुसऱ्यांदा गेले की त्याला काढावंच लागतं, त्यामुळे बुलपेनमधून टोपी हलवून ‘तयार’ अशी खूण आल्याशिवाय दुसरी फेरी नाही. पिचर जखमी झाला तर गोष्ट वेगळी. तेव्हा अंपायर नव्याला हवा तेवढा वेळ देतात.

फ्रेशमन (पहिल्या वर्षाच्या) पोरांना शक्यतो इनिंगच्या सुरुवातीला, बेस रिकामे असताना पाठवावं, आणि थोडं लवकर उठवावं. ही पोरं घाबरून बुलपेनमध्येच सगळा जीव काढतात. अशा वेळी मी मुद्दाम गप्पा मारायचो. भारतात बेसबॉल आहे का, हा प्रश्न ठरलेला. मग उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल या दोघांना 2008 मध्ये मेजर लीगमधल्या पिट्सबर्ग पायरेट्सनी करारबद्ध केल्याची गोष्ट सांगायची. दोन-तीन चेंडू तरी सैल पडायचे.

हंगाम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो. उत्तरेकडच्या मैदानांवर तेव्हा पाच अंश सेल्सिअस असलं तरी लोक खूश. अशा थंडीत आठ मिनिटांची बारा धरा, आणि तापून बसलेल्याला जॅकेट घालायला लावा, तो नाही म्हणेल तरी. क्लिपबोर्डला पेन नको, पेन्सिल बांधा. माझ्या पहिल्याच सामन्यात तिसऱ्या इनिंगला पेनची शाई गोठली होती.