वाड्यातल्या जुन्या तसबिरी पुसायच्या आधी हे वाचा

दिवाळीच्या साफसफाईत जुन्या तसबिरी खाली उतरवणार असाल तर जरा थांबा. रविवर्मा प्रेस १८९४ ला मुंबईत सुरू झाला, म्हणजे तिथले देवादिकांचे ओलिओग्राफ (तैलचित्रासारखी दिसणारी रंगीत छापील चित्रं) घरात असतील तर त्यातले कित्येक शंभरी ओलांडलेले आहेत आणि शेवटी तो कागद आहे हे आपण विसरतो.

काचेवर स्प्रे थेट मारू नका. पाणी ओघळून फ्रेमच्या खाचेत जातं, तिथून कागद ते शोषून घेतो आणि खालच्या कडेला तपकिरी डाग पडतो जो घरी काढताच येत नाही. मऊ सुती कापड जेमतेम ओलं करायचं, कडेची अर्धा इंच काच सोडून पुसायचं, कडेला फक्त कोरडा मऊ ब्रश. सोनेरी मुलाम्याच्या फ्रेमला ओलं फडकं अजिबात नको, मुलामा सुटतो. काही चित्रांवर जर-टिकल्या लावलेल्या असतात, त्या प्लीज काढू नका, कुणीतरी किती हौसेने लावल्यात त्या!

चित्र काचेला चिकटलं असेल तर ओढायचं नाही, रंग काचेवरच राहतो, काचेसकट कॉन्झर्व्हेटरला, म्हणजे जुन्या चित्रांची जपणूक-दुरुस्ती करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. लॅमिनेशन तर नकोच नको.

परत टांगताना मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते, कारण पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते आणि आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरायला लागते. मागच्या फळीतून ताजा भुसा पडत असेल तर आत लाकूड पोखरणारी कीड असू शकते, म्हणून ती तसबीर आधी बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.