घरी शिरेतून पोषण घेताना या चुका टाळा: टीम मोठी असली तरी चुका मधल्या जागेत होतात

घरी टीपीएन (म्हणजे संपूर्ण पोषण शिरेतून देणं) सुरू झालेल्या रुग्णाच्या फाइलीत नावं भरपूर असतात. पोटविकारतज्ज्ञ, सर्जन, आहारतज्ज्ञ, फार्मासिस्ट, नर्स, पोषणाच्या द्रावणाच्या पिशव्या पोचवणारी सेवा, घराजवळचे डॉक्टर. तरीही रात्री अकराला द्रावण सोडणारा पंप वाजायला लागला की फोन कुणाला करायचा, हे घरच्यांना माहीत नसतं. मी नर्स म्हणून या रुग्णांसोबत काम करते. आजवर पाहिलेल्या बहुतेक चुका कुणाच्या हलगर्जीपणातून झालेल्या नव्हत्या. याला वाटलं तिने सांगितलं असेल, तिला वाटलं त्याने बघितलं असेल, आणि मधल्या मधे ती गोष्ट राहूनच गेली.

आतडं फार आखूड उरलं असेल, किंवा ते हलतच नसेल, तर खाल्लेलं अंगी लागत नाही. अशा वेळी पाणी, ग्लुकोज, अमिनो आम्लं, स्निग्धांश, क्षार आणि जीवनसत्त्वं हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत थेट सोडली जातात. हातावरच्या बारीक शिरेला एवढं दाट द्रावण फार दिवस सोसत नाही. म्हणून ही लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेली नळी (कॅथेटर), साध्या सलाईनसारखी समजू नये. पहिली आणि सर्वांत महाग चूक याच समजुतीतून होते.

थंडी-ताप अंगावर काढणं

संध्याकाळी पिशवी जोडली. अर्ध्या तासात हुडहुडी भरली. घरच्यांनी पांघरूण घातलं, तापाची गोळी दिली. सकाळी पिशवी काढली आणि दिवसभर रुग्ण ठीक राहिला. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. दिवसा बरं वाटतंय म्हणजे साधा ताप असेल, असं सगळ्यांना वाटतं. खरं कारण वेगळं असू शकतं. जंतू कॅथेटरच्या आतल्या भिंतीला चिकटून वाढतात आणि द्रावण वाहू लागलं की त्याच्यासोबत थेट रक्तात उतरतात. म्हणून पिशवी जोडल्यावर थंडी वाजली किंवा ताप 38 अंश सेल्सियस वा त्याहून वर गेला, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो लाइनचा जंतुसंसर्ग धरायचा. पंप थांबवायचा, क्लॅम्प (नळी बंद करणारा चिमटा) लावायचा, रक्तातली साखर तपासायची आणि त्याच रात्री रुग्णालय गाठायचं. सकाळची वाट पाहायची नाही.

टीमची चूक इथून पुढे सुरू होते. घराजवळच्या डॉक्टरांना ही लाइन कशाची आहे हेच कुणी कळवलेलं नसतं. ते भल्या मनाने अँटिबायोटिक सुरू करतात आणि नंतर रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) काहीच उगवत नाही. कल्चर लाइनमधून आणि हातातून, दोन्हीकडून घ्यायचं असतं, आणि तेही पहिल्या डोसाच्या आधी. एवढी दोन वाक्यं एका कागदावर लिहून रुग्णाच्या पाकिटात ठेवली, तर आपत्कालीन विभागातल्या नवख्या डॉक्टरलाही योग्य वाट सापडते. त्याच कागदावर लाइनचा प्रकार, ती बसवल्याची तारीख, सध्याचं द्रावण, अ‍ॅलर्जी आणि टीममधल्या एकाच माणसाचा फोन नंबर लिहावा. पाच नंबर दिले की घाबरलेला माणूस पाचही जागी थोडं थोडं सांगतो आणि पूर्ण गोष्ट कुणाकडेच पोचत नाही.

बदल तोंडी कळवणं

एका रुग्णाचं स्टोमातून (पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडातून) जाणारं पाणी कमी झालं. डॉक्टरांनी पिशवी 2000 मिलीवरून 1500 मिलीवर आणली. फार्मासिस्टने नवी पिशवी अचूक बनवली. पण पंपाचा वेग बदलायला कुणी सांगितलं नाही. जुना वेग तासाला 167 मिली होता. रात्री आठला लावलेली पिशवी सकाळी आठला संपायची ती पहाटे पाचलाच संपली. द्रवाचं प्रमाण कमी केलं होतं, ग्लुकोज मात्र तेवढंच होतं. ते बारा तासांऐवजी नऊ तासांत रक्तात गेलं. साखर आधी खूप वर चढली, आणि पिशवी एकदम संपल्यावर झपकन खाली आली. घाम फुटलेला, हात थरथरणारा रुग्ण पाहून घरच्यांना वाटलं द्रावणच खराब आलं.

प्रत्येकाने आपापलं काम बरोबर केलं होतं. तेव्हापासून माझा आग्रह आहे की द्रावण बदललं की नवा कागद निघायलाच हवा. त्यावर एकूण मिली, किती तास, तासाला किती आणि शेवटच्या तासात वेग किती कमी करायचा, हे चारही आकडे हवेत. जुना कागद फाडून टाकायचा. आणि पहिल्या रात्री पंपाच्या पडद्यावरचा आकडा नर्सने फोनवरून वाचून घ्यायचा.

प्रत्येकाने वेगळं शिकवणं

लाइनच्या टोकाचं झाकण करंगळीच्या पेराएवढंही नसतं. जंतूंचा मोठा रस्ता मात्र तिथूनच जातो. हात साबणाने धुवायचे, कोरडे करायचे, मग अल्कोहोलच्या पुसणीने ते टोक आणि त्याच्या कडा 15 सेकंद घासायच्या. लिंबू पिळताना मनगट फिरतं तसं फिरवत घासायचं. नुसती पुसणी फिरवून भागत नाही. नंतर ते आपोआप वाळू द्यायचं. फुंकर घालायची नाही, हाताने वारा घालायचा नाही, कारण अल्कोहोलचं काम वाळेपर्यंत चालू असतं.

हे सगळ्या नर्स शिकवतात, पण एकजण पाच सेकंद सांगते, दुसरी म्हणते दोन पुसण्या घ्या, तिसरी घाईत वाळण्याबद्दल बोलतच नाही. मग घरचा माणूस त्यातलं सर्वांत सोपं तेवढं उचलतो. यात त्याचा दोष नाही. टीमने एकच पद्धत लिहून ठरवावी आणि तीन महिन्यांनी घरी जाऊन ती पुन्हा बघावी. रोज करणाऱ्याच्या हातातूनही एखादी पायरी हळूच गळते. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी आणि गॉजचं दोन दिवसांनी बदलतात. पण ते ओलं झालं, सुटलं किंवा खालची त्वचा लाल दिसली, तर दिवस मोजत बसायचं नाही.

आणखी एक गोष्ट प्रयोगशाळेशी पक्की बोलून ठेवावी. पोषणाच्या लाइनमधून पंप चालू असताना किंवा नुकताच थांबवल्यावर रक्त काढलं, तर नमुन्यात द्रावण मिसळतं. अहवालात साखर आणि पोटॅशियम भयंकर वाढलेलं दिसतं, आणि त्या आकड्यावर विसंबून कुणी इन्सुलिन दिलं तर निरोगी साखर धोक्याच्या पातळीखाली जाते. आकडा आणि रुग्ण यांचा मेळ बसत नसेल, तर आधी दुसऱ्या हातातून रक्त घेऊन पुन्हा तपासा.

लाइन अडकली की जोर लावणं

फ्लश करताना, म्हणजे सिरिंजने सलाईन सोडून लाइन धुताना, अडथळा जाणवला तर थांबा. छोट्या सिरिंजचा दाब जास्त असतो, त्याने कॅथेटर फाटू शकतं. म्हणून 10 मिलीची किंवा त्याहून मोठी सिरिंज वापरतात. आधी क्लॅम्प बंद राहिलाय का, नळी दुमडलीय का ते पाहा. नसेल तर फोन करा. रक्ताची गुठळी असेल तर औषधाने ती बऱ्याचदा विरघळवता येते, फाटलेली लाइन मात्र बदलावी लागू शकते. त्या बाजूचा हात किंवा मान सुजली, तर तेही त्याच दिवशी कळवा. आणि टोक उघडं राहून अचानक धाप लागली, तर लगेच क्लॅम्प लावा, रुग्णाला डाव्या कुशीवर, डोकं खाली ठेवून झोपवा आणि रुग्णवाहिका बोलवा.

फार्मासिस्टला फक्त पुरवठादार समजणं

पिशवी 2 ते 8 अंश सेल्सियसला ठेवायची, लावण्याआधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. गरम पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये ती कधीच ठेवायची नाही. उजेडात धरून बघा. पिवळसर तेलाचा थर किंवा थेंब वेगळे दिसले, पांढरे कण दिसले, तर ती लावू नका. फेकूनही देऊ नका, फार्मासिस्टला फोटो पाठवा.

घरी आपल्या मनाने पिशवीत काहीही मिसळू नका. कॅल्शियम आणि फॉस्फेट चुकीच्या प्रमाणात एकत्र आले की त्यांचे स्फटिक बनतात आणि फुप्फुसांत जाऊन अडकतात. अशा मृत्यूंनंतर 1994 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता. स्निग्धांश असलेल्या पांढऱ्या पिशवीत हे स्फटिक डोळ्यांना दिसतही नाहीत, म्हणून नळीवरचा फिल्टर वगळायचा नाही. काही रुग्णांना जीवनसत्त्वाची कुपी लावण्याच्या वेळीच मिसळायला शिकवलेलं असतं. तीही विसरायची नाही. 1997 मध्ये अमेरिकेत या जीवनसत्त्वांच्या इंजेक्शनचा तुटवडा पडला, तेव्हा थायमिनअभावी (जीवनसत्त्व बी1 न मिळाल्याने) रक्तात लॅक्टिक आम्ल साचून रुग्ण गंभीर झाले होते. एखादा घटक मिळत नसेल तर ‘चालेल तेवढ्यावर’ हे उत्तर कुणाचंही नसावं. तो न मिळाल्याची बातमी डॉक्टरांपर्यंत त्याच दिवशी पोचायला हवी.

फक्त वजनावर समाधान मानणं

दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते मांस नव्हे, पाणी आहे. वहीत वजनासोबत लघवी, स्टोमाचं प्रमाण आणि ताप लिहा. दिवसभरात लघवी एक लिटरच्या बरीच खाली राहिली, तर पाणी कमी पडतंय. अशा वेळी आखूड आतड्याचे रुग्ण साधं पाणी भरपूर पितात, आणि स्टोमातून त्याहून जास्त बाहेर जातं, कारण साधं पाणी शरीरातलं सोडियम आतड्यात ओढून बाहेर नेतं. मीठ-साखरेचं योग्य प्रमाणातलं द्रावण लागतं, ते आहारतज्ज्ञ ठरवतात.

रक्ततपासण्यांचं वेळापत्रक सगळ्यांकडे असतं. अहवाल कोण वाचणार, हे मात्र ठरलेलं नसतं. यकृताचे आकडे महिनोन्‌महिने हळूहळू चढतात आणि प्रत्येक तज्ज्ञाला तो दुसऱ्याचा विषय वाटतो. अहवाल वाचून त्यावर सही करणारा एक माणूस नेमावा. जस्त, तांबं, सेलेनियम, मँगनीज आणि हाडांची घनता या तपासण्या क्वचित असतात, म्हणून त्याच आधी सुटतात.

रुग्णाला न विचारणं

आमच्या एका रुग्ण ताईंचं वजन काही केल्या वाढत नव्हतं. दर भेटीला द्रावणातल्या कॅलरी वाढवल्या जात होत्या. एका भेटीत मी सहज विचारलं, “सकाळी पिशवीत किती उरतं?” त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, “रात्री चार वेळा लघवीला उठावं लागतं, झोपच होत नाही. पहाटे चारला मी पंप बंद करते आणि उरलेलं ओतून टाकते.” आम्ही त्यांना रागावू या भीतीने त्या वर्षभर बोलल्या नव्हत्या. आम्हीही वर्षभर वजन विचारलं, झोप विचारली नाही. डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि फार्मासिस्ट एकाच दिवशी बसले. पिशवी लावण्याची वेळ संध्याकाळी सहावर आली, वाढवलेल्या कॅलरी कमी झाल्या, आणि पंप पहाटे चारलाच संपू लागला.