दिवाळीत किल्ल्याऐवजी वॉटर्लू कसं मांडायचं

साताऱ्यात दरवर्षी पेठेपेठेत तेच, प्रतापगड नाहीतर अजिंक्यतारा, आणि खरा अजिंक्यतारा डोक्यावर उभा असताना अंगणातला बघायला कोण थांबणार. पोरांना यंदा वेगळं काही हवं असेल तर वॉटर्लूची लढाई मांडा, आजच्या बेल्जियममधली. १८ जून १८१५, रविवार. एल्बा बेटावरून निसटून परत गादीवर बसलेला नेपोलियन इथं हरला आणि चारच दिवसांत त्यानं गादी सोडली, ती कायमचीच. समोरचा इंग्रज सेनापती वेलिंग्टनही आपल्याला परका नाही, १८०३ मधे असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा वेलस्ली तो हाच.

पहिलं म्हणजे यात किल्ला नाही. बुरूज नाही, तटबंदी नाही, त्यामुळं विटा-दगडांचा ढीग लावू नका. दोन लांबट उंचवटे समोरासमोर आणि मधे खोलगट शेतं, एवढंच. मैदान लहान आहे, रुंदी साधारण ५ किलोमीटर, म्हणून १ किलोमीटरला १ फूट धरलं की ५ बाय ४ फुटांत सगळं बसतं. उंचीला मात्र हे माप लावू नका, काहीच दिसणार नाही, चार बोटं उंच करा बास. उत्तरेला वेलिंग्टन, दक्षिणेला नेपोलियन, मधे सव्वा-दीड फूट. दोन्ही उंचवटे कापत उत्तर-दक्षिण जाणारा ब्रसेल्सचा रस्ता रांगोळीनं काढा.

आता मेन मुद्दा, आणि इथंच सगळे गंडतात. उंचवटा केला की लोक सैनिक माथ्यावर ओळीत उभे करतात, झालं, लढाई कळलीच नाही. वेलिंग्टननं बरंचसं पायदळ माथ्याच्या मागं, उत्तरेच्या उतारावर दडवलं होतं, म्हणजे फ्रेंचांना ते दिसत नव्हतं आणि तोफगोळे एकतर समोरच्या मातीत रुतत होते नाहीतर डोक्यावरून जात होते. म्हणून मागचा उतार लांब आणि सावकाश उतरता ठेवा, ओल्या हातानं सारवून घ्या, मग फ्रेंचांच्या बाजूला जाऊन उकिडवं बसा, गाल जमिनीला टेकवा आणि बघा. इंग्रजांच्या मागच्या रांगा दिसल्या तर माथ्यावर अजून मातीचा हात द्या. दिसेनात मग खरं.

गूगलवर फोटो बघाल तर मैदानात सिंहाचा पुतळा असलेली मोठ्ठी टेकडी दिसेल, ४० मीटरच्या वर उंच. ती करू नका! ती लढाईनंतर बांधलीय, १८२६ मधे पूर्ण झाली, आणि तिच्यासाठी माती त्याच उंचवट्याची खणली, म्हणजे आज तिथं गेलात तरी तो माथा जसाच्या तसा मिळणार नाही.

मधल्या शेतांत दोन वाडे लागतात. पश्चिमेला हूगोमाँ, हा मोठा, काडेपेट्या चौकात चिकटवून करा आणि त्याच्या दक्षिणेला झाडी लावा. याचा मागचा, म्हणजे उत्तरेचा दरवाजा उघडझाप होणारा ठेवा, कारण फ्रेंच तिथूनच आत घुसले होते आणि आतल्यांनी खांदे लावून दरवाजा परत बंद केला, पोरांना हे सांगितलं की ती तिथंच बसून राहतात. दुसरा ला हे सँत, रस्त्याला लागून, वेलिंग्टनच्या माथ्यापुढं तीन-चार इंचांवर.

जून महिना, शेतात राय (गव्हासारखं धान्य) उभी, माणूसभर उंच. अळीव पाच-सहा दिवस आधी पेरा, छान दाट येतो, मग मधल्या भागात तळव्यानं दाबून टाका, हजारो लोक तुडवून गेल्यावर पीक असंच दिसणार. आदल्या रात्री धो धो पाऊस झाला होता आणि चिखलामुळं लढाई सुरू व्हायला साडेअकरा वाजले, तेव्हा पाणी शिंपडायला कंजूषी नको.

मावळे विकत आणून रंगवत बसू नका, पगडीचं काय करणार. उदबत्तीच्या उरलेल्या काड्या घ्या, बऱ्याच मुळातच लाल असतात, त्या इंग्रजांना. फ्रेंच निळे, आणि घोळ असा की वेलिंग्टनच्या मदतीला आलेल्या ब्ल्यूशरचे प्रशियनही (हेही जर्मनच) निळेच, म्हणून त्यांना काळपट निळा द्या. वेलिंग्टनकडचे सगळे लाल करू नका, निम्म्याहून जास्त डच, बेल्जियन, जर्मन होते. ५०० माणसांना एक काडी धरा, नेपोलियनचे साधारण ७२ हजार, वेलिंग्टनचे ६८ हजार, ब्ल्यूशरचे आले ते ५० हजारांच्या आसपास.

काड्या रोज संध्याकाळी हलवा, त्यातच मजा. धनत्रयोदशीला हूगोमाँवर हल्ला, दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या पूर्वेला फ्रेंच पायदळ चढवा आणि इंग्रजांच्या घोडदळानं ते उधळून लावू द्या. लक्ष्मीपूजनाला फ्रेंच सेनापती मार्शल ने याचं घोडदळ, चारच्या सुमाराचं. तेव्हा लाल काड्यांचे चौकोन करा, टोकं चारी बाजूंनी बाहेर, कारण संगिनींच्या कुंपणावर घोडा जात नाही. त्याच दिवशी पूर्वेकडून प्रशियन आणायला सुरुवात करा, पाडव्यापर्यंत थांबू नका, ते साडेचारलाच भिडले होते. ते जिथं भिडले ते गाव प्लान्सन्वा, नेपोलियनच्या उजव्या बगलेच्या मागं. पाडव्याला ला हे सँत पडतो, आतल्यांची काडतुसं संपली म्हणून, आणि भाऊबीजेला नेपोलियनची खास गार्ड पलटण माथ्यावर चढते आणि मागं फिरते, मग सगळेच पळतात.

राहिला ग्रूशी, नेपोलियनचाच एक सेनापती. नेपोलियननं ३३ हजार माणसं देऊन त्याला प्रशियनांच्या पाठलागावर धाडलं होतं आणि तो वाव्र गावाला अडकला, साधारण १३ किलोमीटरवर. आपल्या मापानं पूर्वेला १३ फूट, म्हणजे बहुतेक शेजारच्यांच्या अंगणात. ६६ काड्या तिथं नेऊन रोवा, पण काकूंना आधी विचारून ठेवा, नाहीतर सकाळी सडा टाकताना फौज वाहून जायची.