सूर्यफुलाच्या बियांची मांडणी अमूर्त चित्रात

सूर्यफुलाच्या चकतीत बिया कशा बसतात, याचं सोपं सूत्र भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट फोगेल यांनी १९७९ मध्ये मांडलं. दर ठिपक्याला १३७.५ अंश वळायचं आणि केंद्रापासूनचं अंतर त्याच्या क्रमांकाच्या वर्गमुळाच्या पटीत ठेवायचं. २०० ठिपक्यांचं चित्र ए-फोर कागदावर आरामात मावतं.

कागदाच्या मध्यापासून ९.५ सेमी त्रिज्येचं फिकट वर्तुळ काढा. त्यावर दर २.५ अंशांवर खूण करा, म्हणजे ० ते १४३ अशा १४४ खुणा होतील. १३७.५ अंश म्हणजे बरोबर ५५ खुणा. त्यामुळे दर वेळी ५५ मिळवायचे, १४३ च्या वर गेलं की १४४ वजा करायचे: ५५, ११०, २१, ७६, १३१, ४२... यादी आधीच लिहून काढा. कोन मागच्या ठिपक्यापासून मोजत गेलात तर बारीक चुका साचत जातात.

अंतरासाठी जाड पुठ्ठ्याची पट्टी केंद्रात टाचणीने अडकवा. टाचणीपाशी पट्टीला छोटा कान (धारेबाहेर आलेला तुकडा) ठेवा, म्हणजे मापाची धार नेमकी केंद्रातून जाते. हे चुकलं तर सगळेच ठिपके सरकतात. अंतर = ६ मिमी × क्रमांकाचं वर्गमूळ. पहिला ६ वर, चौथा १२ वर, शंभरावा ६० वर, दोनशेवा साधारण ८५ मिमीवर. वर्गमूळ न घेता सरळ समान अंतराने बाहेर गेलात, तर मध्यात गर्दी होते आणि कडेला विरळ पडतं.

ठिपके आधी पेन्सिलीने, क्रमांकासकट. मग ब्रशच्या मागच्या टोकाने पोस्टर कलर, व्यास ६ मिमी. रंग दाटच हवा, पातळ रंग पसरतो. उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी वरच्या डाव्या बाजूने सुरुवात करावी.

रंगसंगती क्रमांकांवरून ठरवा. २००, १६६, १३२, ९८ असे ३४ च्या अंतराने रंगवलेले ठिपके एका दिशेने वळतात; २००, १७९, १५८ असे २१ च्या अंतराने रंगवलेले उलट दिशेने. दोनपेक्षा जास्त रंग घेतले की ही वळणं दिसेनाशी होऊ शकतात.

खरी गंमत नियम मोडण्यात आहे. ५५ ऐवजी ५४ खुणा, म्हणजे १३५ अंश घेतले, तर वळणं जाऊन आठ सरळ किरणं उरतात. शंभराव्या ठिपक्यानंतर हा बदल केला, तर आतली चकती तशीच राहते आणि बाहेर ठिपके एकमेकांवर चढून आठ जाड पट्टे होतात. तिथे ठिपका १ मिमीचा केला की ते सुटे दिसतात.