जहांगीरला जाताय? आधी छज्जा बघा

नाशिकहून चित्रं बघायला मुंबईला निघालेल्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: जहांगीर आर्ट गॅलरीत लगेच आत शिरू नका. आतली प्रदर्शनं बदलत राहतात. दारावरचा काँक्रीटचा छज्जा १९५२ पासून आहे. तीस वर्षं सिडको, सातपूर, गंगापूर रोडला सेंटरिंगची, म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी साचे-टेकू उभे करायची कामं घेतोय, म्हणून माझी नजर आधी तिथे जाते.

नाशिक रोडला सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरा. सीएसएमटीहून टॅक्सी नको, फोर्टातून चालत काळा घोडा गाठा. गॅलरी अकराला उघडते, तिकीट नाही.

आधी समोरच्या फुटपाथवर थांबा. छज्जा लाटेसारखा खालीवर होत रस्त्याकडे झेपावलेला दिसेल. मग पायऱ्यांवर या आणि मान वर करून त्याची खालची बाजू बघा. सपाट स्लॅबला प्लेटा मांडल्या, टेकू लावले की काम होतं. लाटेला मात्र सुताराला प्रत्येक वळणाचा साचा घडवावा लागतो. काँक्रीट पडण्याआधी हे रूप एकदा लाकडात उभं राहिलं असणार. त्या सुतारांची नावं कुठे लिहिलेली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढे निघालेल्या कुठल्याही छज्ज्यात मुख्य सळई वरच्या अंगाला असते, कारण ताण वर येतो. टेकूही टोकाकडून भिंतीकडे काढत यायचे. एका बंगल्यावर माझ्याकडच्या नव्या पोरानं उलटं केलं, भिंतीकडचे आधी काढले. छज्जा टोकाच्या टेकूंवर लोंबला आणि खालून केसाएवढी चीर गेली. सगळा तोडून परत भरला. तेव्हापासून टेकू काढताना मी स्वतः खाली उभा असतो.

आतली चित्रं निवांत बघून झाली की रीगल सिनेमाकडे चालत जा. समोरच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. बाहेरून १९११ चा जुना दगडी हॉल, आत १९९६ साली उघडलेली गोलाईतली दालनं, एकावर एक. जिना चढताना मध्ये थांबून खाली बघा. सोमवारी ते बंद असतं.

पोरं बरोबर असतील तर वही-पेन्सिल घ्या. जहांगीरच्या छज्ज्याची कड हात न उचलता काढायला सांगा. माझ्या नातीनं पाचदा खोडली, सहाव्यांदा तिला वळण सापडलं. ते पान मी आमच्या साइट ऑफिसात लावलंय.