अंबाडी वाखासाठी लावताय? मिरगाचा पाऊस चुकवू नका

वाख (खोडाच्या सालीतला धागा) काढायचा असेल तर अंबाडीचं बी जूनच्या पहिल्या दमदार पावसावरच टाका. भाताची लावणी आटोपेपर्यंत थांबू नका. हे झाड दिवसाच्या लांबीवर चालतं. सप्टेंबरअखेर दिवस 12 तासांवर आला, की उशिरा पेरलेलं झाडही कळ्या धरतं आणि उंची जवळजवळ थांबते. वाख असतो खोडाच्या सालीत, म्हणजे खोड आखूड तर धागाही आखूड. गोव्यात सत्तरी-पेडण्याकडची उताराची, पाणी न साचणारी जागा उत्तम, खाजनात (खाडीकाठच्या सखल, खाऱ्या जमिनीत) नकोच. दोन ओळींत 30, दोन रोपांत 10 सेंटिमीटर ठेवा, फांद्या कमी फुटतात. (भाजीपुरती अंबाडी जुलैतही चालेल.) अर्धी झाडं फुलली की कापा, बोंडं भरू दिलीत तर वाख राठ होतो.